दाराआडची काठी

आये, पाहुण्यांच्या आधी शेजारीण आली. ती सगळ्यांच्या आधी येते. तिची सासू तुला आठवत असेल, ती पण अशीच, आपल्या चुलीवर फोडणी पडायच्या आधी तिला ठसका लागायचा. श्रावणाची सर चालू होती. ही बाई डोक्यावर खताची पिशवी उलटी घालून धावत आली आणि पायरीवरूनच ओरडली, "वैनी, तुमच्याकडं गाडी येतेय! पांढरी, होडीएवढी! नाक्यावर उभं ऱ्हावून इचारतायत, ती काठीनं मारणारी पोरगी कुठं ऱ्हाते?" मी अंगणात रोवलेल्या लोखंडी सुळ्यावर नारळ सोलत होते. नारळ सुळ्यात रुतलेला, दोन्ही हात त्याच्यावर, आणि हे कानात गेल्यावर मी असा हिसका दिला की वरचं सोडण राहिलं सुळ्यात आणि नारळ गेला थेट कोंबड्यांत. म्हटलं, झालं, जावयाने शेवटी तक्रार दिली. पोलीस आले माझ्या नातीला न्यायला. "कितीजण हायत?" मी विचारलं. "एक बाई न् एक बाप्या. बाईच्या डोक्यावर टोपी हाय." टोपी म्हटल्यावर माझी खात्रीच झाली. सुळ्याजवळची पहार उचलली आणि दारात जाऊन उभी राहिले. हसू नकोस. तू असतीस तर पहार कुठे मारायची तेही ठरवून ठेवलं असतंस.

पण ते पोलीस नव्हते. बाई चांगली आडवीतिडवी, केस आखूड कापलेले, आणि टोपी उन्हाची होती. मागे तिचा नवरा, सुकटीसारखा वाळलेला, खांद्यावर लांबलचक पिशवी. बाईने माझ्या हातातली पहार बघितली, घाबरली नाही, उलट म्हणाली, "आजी, पकड फार छान आहे हो तुमची." नवऱ्याने मात्र लांबूनच नमस्कार केला. बाई पुण्याला पोरींना गोल्फ शिकवते. आपल्याकडे दर थंडीत उतरणाऱ्या म्हाताऱ्याने तिला फोनवर माझ्या नातीचं मारणं दाखवलं होतं, म्हणून ती भर पावसात घाट उतरून आली. मी पहार भिंतीला लावली आणि चहा टाकायला गेले. साखर चहापेक्षा चुलीत जास्त गेली. भीती गेली की असंच होतं मला.

आता हे गोल्फ काय ते तुला सांगायला हवं, कारण तू गेलीस तेव्हा आपल्या दिवेआगरला कुणी त्याचं नावही घेत नव्हतं. तुझ्यामागे आम्ही मागच्या पडवीला दोन खोल्या काढल्या, समुद्र बघायला येणारी माणसं उतरतात. त्यातला हा म्हातारा, एकटाच यायचा, बायको वारलेली, बोलायला कुणी नाही म्हणून माझ्या नातीशी बोलायचा. त्याच्या गाडीत काठ्यांचा भाता. त्यातली सगळ्यात लांब काठी, पुढे लोखंडाचं पोकळ डोकं असलेली, तिला ड्रायव्हर म्हणतात. चेंडू लांबच्या लांब धाडायचा असला की ती काढायची. एका थंडीत त्याने स्वतःला नवी घेतली आणि जुनी पोरीला देऊन टाकली. चक्रीवादळ झालं त्याच वर्षीची गोष्ट. ते वादळ बघायला तू नव्हतीस ते बरं झालं. तू लावलेल्या पोफळींना वाऱ्याने झिंज्या धरून एकमेकींवर आपटलं. माड कमरेत मोडले, एकेकाचा आवाज बंदुकीसारखा. कौलं उडत होती आणि पोरांच्या अंगावर पडू नयेत म्हणून आम्ही सगळे खाटेखाली, एकमेकांच्या मांडीत डोकी घालून. शेजारणीची गाभण म्हैस माडाखाली गेली, तिचं हंबरणं वाऱ्यात किती वेळ येत होतं आणि मग नाही आलं. वारा पडल्यावर बाहेर आलो तर घराच्या मागून थेट समुद्राच्या बांधापर्यंत वाडीत एक पट्टा सपाट. एक झाड उभं नाही. मी कपाळ बडवून घेतलं. आणि नात, एवढीशी होती तेव्हा, ती त्या पट्ट्याकडे बघत उभी. पुढे काठी हातात आल्यावर म्हणते कशी, "आजी, हितनं मारायला मस्त हाय."

चेंडू आणायचे कुठून? तर पावसात पोफळीची कच्ची सुपारी गळते ना, हिरवीगार, बरोबर त्या चेंडूएवढी असते. ती ठेवायची आणि हाणायची. सुपारी धड बसली तर बांधापर्यंत जाते आणि धड नाही बसली तर जागच्या जागी फुटते, चीक तोंडावर उडतो. पोरीचे सगळे फ्रॉक तपकिरी डागांचे. तो डाग जात नाही, तुला सांगायला नको. म्हातारा पुढल्या थंडीत आला, काठीचं तोंड बघून म्हणाला, हिला काय पान खायला घातलंस काय! पण पोरीचा हात बघितला आणि तेव्हापासून दर वर्षी खरे चेंडू आणायला लागला.

मग जावई. ह्याचं तुला किती सांगू. शिमगा होऊन गेला होता, उन्हाची दुपार. लेक नांदणं सोडून माझ्याकडे आली होती आणि बोर्लीला शिवणाच्या दुकानात जायला लागली होती, ते ह्याला खुपलं. पिऊन आला. लेक मोरीत भांडी घासत बसलेली. त्याने मागून येऊन तिचा अंबाडा मुठीत धरला आणि तशीच्या तशी पायऱ्यांवरून फरफटत अंगणात आणली, पोतं ओढावं तशी. प्रत्येक पायरीला तिचं डोकं आपटत होतं आणि तो मोजत असल्यासारखा शिव्या देत होता. मी मध्ये पडले. त्याने कोपराने मला उडवलं, माझं कपाळ उंबऱ्यावर. डोळ्यांत रक्त उतरलं, आणि त्या लाल रंगातून मी बघितलं, वाडीतून नात येतेय. धावत नाही, चालत. हातात काठी. तिने आधी बापाला हात लावला नाही. आधी त्याची मोटरसायकल मारली. दिवा फोडला. मग आरसा. मग टाकीवर घातली, टाकी आत गेली. आणि बघ आये, माणूस कसा असतो तो. बायकोचे केस सोडले आणि गाडीकडे धावला! तेवढ्याचीच वाट बघत होती पोर. कमरेतून वळली आणि गुडघ्यावर घातली. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. तो खाली बसला, मग आडवा झाला, मग आईच्या नावाने रडला. पोरगी त्याच्या डोक्याशी उभी राहून म्हणाली, "अजून एक गुडघा हाय तुला."

त्याचे दोस्त येऊन त्याला उचलून घेऊन गेले. गाडी ढकलत नेली. डोक्यावरचं हेल्मेट तेवढं अंगणात राहिलं, ते मी कोंबड्यांच्या खुराड्यात टाकलं, त्यात आता तांबडी कोंबडी अंडी घालते. त्याने गावभर काय सांगितलं माहीत आहे? दिघीच्या जेटीच्या उतारावर शेवाळ होतं, आगरदांड्याची बोट पकडायला धावलो आणि घसरलो. पोटच्या पोरीने मारलं हे कुठल्या तोंडाने सांगणार! अजून बोर्लीच्या बाजारात लंगडतो. मी बाजारात गेले की मुद्दाम त्याच्या वाटेवरून जाते आणि "पाय कसा हाय जावईबापू, जपा हो, पावसाळा हाय," असं मोठ्याने विचारते. त्या दिवशी कपाळाला टाके पडले होते तरी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. इतका गोड घास बऱ्याच दिवसांत लागला नव्हता.

कोण आठवलं असेल मला, ते तुला कळलंच असेल. मी लहान आहे, तू वाडीतल्या पाण्याच्या दगडी डोणीपाशी धुणं धोपटतेयस, पोट पुढे आलेलं, धाकटा होणार होता. आबांना कालवण खारट लागलं. ते रहाटाचा ओला दोर घेऊन आले आणि पहिला फटका तुझ्या पाठीवर बसला, चोळी फाटली, त्याखाली वळ उमटला. दुसरा मानेवर. तू वळून बघितलं पण नाहीस. धोपटतच होतीस, गोधडी होती, जड. तिसऱ्या फटक्याला तू उभ्या जागी कमरेतून वळलीस, गोधडीवर घालायचं धोपाटणं त्यांच्या खांद्यावर घातलंस. दार बिजागरीतून निखळावं तसा खांदा खाली आला. तू म्हणालीस, "दुसरा पण असाच काढून ठेवीन." आणि परत धुवायला लागलीस. गोधडीनंतर आबांचाच सदरा घेतलास, आणि तो तू असा बडवलास की मी कोपऱ्यात रडायला लागले. तर माझ्यावरच खेकसलीस, "रडतेस काय? टोक धर त्याचं, पिळायचा हाय." आपण दोघींनी तो सदरा पिळला. आबा खांदा धरून पडवीत बसलेले, ऐकत. पुढे त्यांनी सगळ्यांना सांगितलं, वाडीत बसलो होतो, खांद्यावर नारळ पडला. गावातल्या म्हाताऱ्यांपैकी एकाने विचारलं, "पण तू तर पोफळीखाली बसतोस, नारळ कुठला?" तेव्हा तू चुलीपुढून, मान वर न करता म्हणालीस, "वाऱ्यानं आला असंल लांबचा."

दुसऱ्या दिवशी तू धोपाटण्याला वरपासून खालपर्यंत काथ्या गुंडाळलास. मला वाटलं, हात घसरू नये म्हणून. आवाजही वेगळा यायला लागला, आधी धप्प यायचा तो फट्ट येऊ लागला. मी त्यावर कधी विचार केला नाही. धुणं झालं की तू ते दाराआड उभं करायचीस. आबा मरेपर्यंत घरात शिरताना आधी दाराआड बघायचे, मग देवाकडे. परत हात उचलला नाही त्यांनी.

बरं, पाहुण्यांचं राहिलं. पाऊस थांबल्यावर बाई म्हणाली, दाखव. नातीने चुलीतली मूठभर राख आणली, काठीच्या मुठीला चोळली आणि मागच्या पट्ट्यात उभी राहिली. बाईने एक डबी जमिनीवर ठेवली, ती म्हणे चेंडू किती जोरात गेला ते सांगते. पहिला चेंडू सरळ गेला, बांधावर आपटून नाहीसा झाला. डबी बघून नवऱ्याने शीळ घातली. दुसरा गेला शेजारणीच्या केळीत, आणि केळ मधोमध तुटून आडवी. "माझी केळ!" शेजारीण किंचाळली. तिसरा तिच्याच दुसऱ्या केळीत. शेजारीण म्हणाली, "मी उभी ऱ्हाते, मलाच मार, केळींना सोड." बाई हसत होती, पण डोळे हसत नव्हते. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "आजी, ही चेंडू मारत नाही. ही कुणाला तरी मारते. कुणाला?" मी म्हटलं, "हाय एकजण. सध्या लंगडतोय." बाईने पुढे विचारलं नाही. शहाणी आहे.

मग त्या सुकटीला हौस आली. "बघू तरी जुनी काठी," म्हणून त्याने ती घेतली, मुठीची राख रुमालाने पुसली, पाय फाकवले, बूड हलवलं दोनदा, आणि फिरवली. चेंडू जागेवर. काठी हातात नाही! काठी हवेत गरगरत गेली ती न्हाणीच्या कौलातून आत. कौलं फुटली, आत पितळेचा हंडा घणघणला, खुराड्यात कोंबड्यांचा कालवा. तो आपले रिकामे हात बघत उभा. बाई हसून हसून खाली बसली. "तेल! हिला तेल कुणी लावलंय?" मी म्हटलं, मी. पावसाळा आला की कोयता, विळी, सुळा, पहार, घरातलं सगळं लोखंड मी खोबरेलाने पुसते, नाहीतर खारी हवा आठवडाभरात खाऊन टाकेल. "पण आजी, मुठीला रबर असतं!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. म्हटलं, "एवढी सगळी पुसली, तर मुठीनं काय पाप केलंय?" मग कळलं का आमची पोर आधी राख चोळते ते. ती बिचारी मला कधी बोलली नाही, गुपचूप राख घ्यायची.

काठी न्हाणीतून काढून आणली तेव्हा बाईने ती नीट बघितली. डोक्यावर पोचा, टाकीचा. आणि मानेशी, जिथे डोकं दांड्याला बसतं तिथे, केसाएवढी चीर. "हे कशानं झालं?" नात म्हणाली, "दगडाला लागली." मी म्हटलं, "मोठा दगड व्हता." शेजारीण खोकली. बाई म्हणाली, "ही मोडणार. मारताना डोकं सुटलं तर समोरच्याचा जीव जाईल. पुण्याला पोरींची निवड आहे, तिथे मी हिला ह्या काठीनं उभी करणार नाही." आणि तिने लांब पिशवीतून नवी काढली. काळीभोर, डोकं आपल्या अर्ध्या नारळाएवढं मोठं, आणि हातात घेतली तर वजन झाडूएवढं. बाई म्हणाली, "ही सांभाळून घेते, आजी. जुनीत मधोमध लागलं तरच जातो. हिच्यात जरा इकडेतिकडे लागलं तरी सांभाळून घेते." मी म्हटलं, सांभाळून घेणाऱ्या बायकांचं काय होतं ते आमच्या घरात कुणाला शिकवू नका. पण नातीने मारलं, आणि आये, खोटं कशाला सांगू, तो चेंडू दोरी ताणावी तसा गेला. बांधाच्या वरून. पलीकडे समुद्रात गेला असेल. पोरीच्या तोंडावर काहीतरी उमटलं आणि लगेच पुसलं गेलं. तिने नवी काठी बाईच्या हातात परत ठेवली. "नको. माझी हीच." बाईने खूप सांगितलं. निवडली गेली तर राहणं, शाळा, शिकणं, सगळं पुण्यात होईल. नात पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभी. शेवटी बाई म्हणाली, "काठी ठेवून जाते. आम्ही परत येतो तेव्हा सांग. हो म्हणालीस तर आमच्याबरोबर गाडीत बसायचं. नाही म्हणालीस तर काठी घेऊन जाऊ."

ते गेल्यावर नात चुलीपुढे येऊन बसली. लेक तोवर बोर्लीहून आली होती, ती भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, "काय गं बाय, चांगली हाय की नवी. सरळ जाते."

"जाऊ दे."

"मग नको कशाला?"

"घेतली तर पुण्याला जायला लागंल."

"मग जा की. हितं काय केळी तोडत बसणार हायस?"

नात चुलीत बघत म्हणाली, "आणि तो आला तर?"

लेकीचा हात भाकरीवर थांबला. नात बोलतच राहिली, "तो मी हाय म्हणून येत न्हाय. मी जुनी काठी घेऊन गेले तर तुमच्याकडं काय ऱ्हातं? आणि ठेवून गेले तर मारणार कोण? आई? आई तर तो दिसला तरी गल्ली बदलते. तू मारणार? तुझा हात वेणी घालायला मागं जात न्हाय, आजी."

आये, असा राग आला मला. खरं बोलली म्हणून जास्त आला. धडधाकट पोर, एवढ्या ताकदीची, दोन बायांना राखत बसलीय इथे, राखणीच्या कुत्र्यासारखी. म्हणून तिचे चेंडू सरळ जात नाहीत. प्रत्येक चेंडूला तिचा बाप दिसतो आणि तो कुठल्या बाजूने येईल त्याचा नेम नसतो. मी उठले. म्हटलं, "दे ती जुनी काठी. चल मागं." मुठीला राख चोळली, दोन मुठी, माझंच तेल माझ्या हातात नको होतं. पदर खोचला. "आजी, कंबर जाईल तुझी," नात म्हणाली. आणि तेवढ्यात लेक, जी दोन वर्षांत त्या माणसाचं नावसुद्धा घेत नाही, ती भाकरी तव्यावर तशीच टाकून खुराड्याशी गेली. तांबडीला उचलून बाजूला केलं. तिने चोच मारली, हिने लक्ष दिलं नाही. अंडी पदरात घेतली. हेल्मेट आणून वादळात मोडलेल्या माडाच्या बुंध्यावर ठेवलं, पुढची काच आमच्याकडे करून. जरा तिरकं बसलं होतं, ते नीट केलं. आणि बाजूला होऊन म्हणाली, "मार, आई."

मला गोल्फ येत नाही. मी गोधडी धोपटली. तू वळायचीस तशी, पाय जमिनीत, हात नाही, कंबर. मी एवढी वर्षं नारळ सोलतेय, धुणं बडवतेय, ते सगळं एका फटक्यात आलं. काच फुटून वाडीभर झाली, हेल्मेट बुंध्यावरून उडालं, पोफळीवर आपटलं, तिथून दुसरीवर, आणि शेजारणीच्या केळीच्या चिखलात जाऊन पालथं पडलं. लांबून शेजारीण ओरडली, "आता काय मारलंत वैनी?"

"जावई!" मी ओरडले.

लेक आधी हसली. अंडी पदरात धरून, वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, दोन अंडी त्यात फुटली पण. मग नात हसली. मी तिला म्हटलं, "आता सांग, कोण मारणार? जा तू. नवी घे न् जा. ही हितं दाराआड ऱ्हाईल." ती माझ्या गळ्यात पडली, राख सगळी तिच्या फ्रॉकला. त्याच संध्याकाळी तिने नवीने परत मारून बघितलं, सुपारी नाही, खरा चेंडू, आणि शेजारणीच्या उरलेल्या केळी उभ्या राहिल्या. भाकरी करपली होती तीच आम्ही तिघींनी खाल्ली.

आता तुला सांगायचं ते हे, म्हणून तर एवढं लिहीत बसलेय, तिसरीपर्यंतच्या शाळेने जोडाक्षर आलं की अजून पेन अडकतं. मी मारलं तेव्हा मनगटात कट्ट झालं. हाड नव्हे, काठी. मानेतली चीर पुरी फुटली, डोकं लटकायला लागलं. मी झटकन पदराखाली घेतली, त्या दोघी हसत होत्या, त्यांना दिसलं नाही. परसात जाऊन मानेला काथ्या गुंडाळला, घट्ट, वरपासून खालपर्यंत, आणि गुंडाळता गुंडाळता हात थांबले. तू गेलीस तेव्हा तुझं धोपाटणं मी घेतलं होतं, काथ्या कुजला होता म्हणून सोडला, तर आतलं लाकूड उभं चिरलेलं. मुठीपर्यंत. आबांच्या खांद्यावर घातलंस त्याच दिवशी ते मोडलं होतं. परत मारलं असतंस तर दोन फळ्या झाल्या असत्या हातात. आणि जन्मभर तू ते दाराआड उभं केलंस, आणि जन्मभर आबा त्याला बघून आत आले. मला तेव्हा वाटलं होतं, आईला नवं घ्यायला सुचलं नाही. एवढी अक्कल मला आत्ता, नातवंडं झाल्यावर आली.

तर आये, काठी आता दाराआड आहे. तिच्या डोक्याला मी तुझ्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्याचं टोपरं शिवलंय, बाळाला घालतात तसं. नातीला वाटतं मी लाडाने शिवलं. हलवली की आत डोकं खुळखुळतं, तेवढं एक खटकतं. हे कॅलेंडरचं पान मी कुठं पाठवणार आहे, लिहून झालं की चार घड्या करून त्या टोपऱ्यात कोंबणार, म्हणजे आवाज बंद होईल. पाहुणे नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणालेत. ती गाडीत बसेपर्यंत दाराआड कुणी हात घालायला नको.